ऐकू येत नव्हतं

माझ्या मोठ्या मावशीला माणसं फारशी आवडत नसत, आणि ते ती लपवतही नसे. तिची रोपांची नर्सरी होती. गिऱ्हाईक फाटकातून आत आलं की ती आधी त्याच्या पायांकडे बघायची. वाफ्यावर पाय पडला की संपलं. मग तो कुणी का असेना, "तुम्ही प्लॅस्टिकची फुलं घ्या, ती तुडवली तरी चालतात," असं सांगून ती त्याला बाहेर काढायची. तरी नर्सरी चालली, कारण तिच्या हातचं गुलाबाचं कलम सहसा मरत नसे. लोक अपमान गिळून पुन्हा यायचे. अशा परत येणाऱ्यांबद्दल तर तिचं मत आणखीच वाईट होतं.

नवरा लग्नानंतर चौथ्या वर्षी दुसरीकडे राहायला गेला. नातेवाईक हळहळले. मावशी म्हणाली, "हळहळताय कशाला? कलम धरलं नाही की वाळतं. वाळलेलं गेलं." तेव्हापासून ती उतारावरच्या त्या जागेत एकटी राहिली. दोन खोल्या, पुढे पत्र्याची शेड, शेडच्या मागे लिंबाची रोपं आणि सगळ्यात वर, कुंपणापलीकडे, लष्कराचा हेलिकॉप्टरचा तळ.

तळ नंतर आला, नर्सरी आधीची. ही गोष्ट मावशी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. हेलिकॉप्टर उतारावरून खाली सुटलं की पंख्याच्या वाऱ्याने तिची हिरवी जाळी फाटायची, कोवळी रोपं आडवी व्हायची. तिने पाच वर्षांत पाच तक्रारी लिहिल्या. प्रत्येकीला एकच छापील उत्तर आलं, 'आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली आहे.' पाचव्यानंतर एक तरुण अधिकारी स्वतः आला. त्याचे बूट इतके चकचकीत होते की मावशीने त्याला मातीत उतरूच दिलं नाही.

"मॅडम, तुम्ही हे सगळं दुसरीकडे हलवता का?" त्याने विचारलं.

"तुम्हाला चाकं आहेत, झाडांना नाहीत," मावशी म्हणाली. "तुम्ही हला."

मी तेव्हा गावातल्या शाळेत भूगोल शिकवत होते. आठवड्यातून दोनदा तिच्याकडे जायचे आणि बोलणी खाऊन यायचे. मला ती 'नकाशावाली' म्हणायची, कारण मला खरी जमीन कळत नाही असं तिचं म्हणणं होतं.

त्या वर्षी तळावर कुणी बडे साहेब पाहणीला येणार होते. त्यांच्या डोळ्यांचं पारणं फिटावं म्हणून एक खेळ ठरला. एक मोठं हेलिकॉप्टर आणि एक छोटं, दोन्ही समोरासमोरून यायची आणि मैदानावर अगदी जवळून एकमेकांना ओलांडून जायची. साहेबांच्या मागे उभ्या असलेल्या फोटोवाल्याला दोन्ही एकाच चौकटीत मिळावीत एवढाच त्याचा उद्देश. युद्ध नाही, कुठे पूर नाही, कुणाला वाचवायचं नाही. एका माणसाने टाळ्या वाजवाव्यात म्हणून नऊ माणसं चार दिवस हवेत घिरट्या घालत होती. मोठ्यात सात, छोट्यात दोन.

"खेटून जायची हौस कसली म्हणते मी," मावशी तिसऱ्या दिवशी मला म्हणाली. "एवढं आभाळ पडलंय."

चौथ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला ती शेडमध्ये गुलाबांना डोळे भरत बसली होती. म्हणजे जंगली काडीला चीर देऊन त्यात चांगल्या जातीचा डोळा बसवायचा आणि पट्टीने बांधायचा. या कामात मान वर करता येत नाही. त्यामुळे टक्कर तिने पाहिली नाही. हे ती पुढे प्रत्येकाला सांगत आली, "मी पाहिलं नाही, ऐकलं." पत्र्याच्या टाकीवर कुणी लोखंडी कांब हाणावी तसा एक आवाज. मग इंजिनाची घरघर चढत गेली, आणि लिंबाच्या वाफ्यांवर मोठं हेलिकॉप्टर आडवं येऊन आदळलं. त्याची शेपटी जागेवर नव्हती. छोटं तळाच्या पलीकडच्या खाणीत कोसळलं आणि तिथेच जळालं.

मावशी तेव्हा एकसष्ट वर्षांची होती. ती पळत वर गेली. इंधनाचा वास एवढा होता की डोळे उघडत नव्हते. तिने आधी पाण्याचा पाइप सोडला आणि हेलिकॉप्टरच्या पोटाखाली पाणी वाहू दिलं. मग फुटलेल्या दारात डोकावली. आत कुणी हलत नव्हतं. दाराजवळचा एक माणूस तेवढा पापण्यांची उघडझाप करत होता. तो पट्ट्यात अडकला होता. खिशातल्या छाटणीच्या कात्रीने तिने पट्टा कापला, काखेत हात घालून त्याला बाहेर ओढलं आणि जाळीच्या गुंडाळीवर निजवलं.

तो तळावरचा तंत्रज्ञ होता. वैमानिक नव्हे, हेलिकॉप्टरं दुरुस्त करणारा. त्या दिवशी मोठ्यात त्याला सोबत घेतलं होतं. तो शुद्धीवर होता. मावशीने नाव विचारलं, त्याने सांगितलं. मग तो म्हणाला, "छोट्याला ऐकू येत नव्हतं."

"कोणाला?"

"छोट्या हेलिकॉप्टरला. त्याचा रेडिओ. काल सांगितलं होतं मी. दोनदा लिहून दिलं. म्हणाले, साहेब गेल्यावर बघू." तो पुढे म्हणाला, "बूट काढता का? उजवा. फार आवळतोय."

मावशीने नाडी कापून बूट काढला. "बरं वाटलं," तो म्हणाला. पाच-सात मिनिटांनी तो गेला. मावशी त्याच्याजवळ बसून होती.

तळावरची माणसं धावत आली ती त्यानंतर. पहिला जो पोचला त्याने मावशीला हुकूम सोडला, "बाई, इथून निघा. हा प्रतिबंधित भाग आहे."

"ही माझी जमीन आहे," मावशी म्हणाली. "आणि हा तुमचा माणूस. हळू उचला."

मी शाळेतून पोचले तेव्हा नर्सरीभोवती दोऱ्या बांधून झाल्या होत्या आणि फाटकावर मावशीचा धाकटा दीर उभा राहून वार्ताहरांशी बोलत होता. वर्षानुवर्षं त्याने इकडे तोंड दाखवलं नव्हतं. टक्कर झाली तेव्हा तो गावात न्हाव्याच्या खुर्चीत बसला होता, त्याच्या अर्ध्या गालावर साबण तसाच वाळलेला होता. पण तो हात वर करकरून सांगत होता, छोटं कसं डावीकडून आलं, वैमानिकाने कसा शेवटचा प्रयत्न केला, आणि आपल्या वहिनीच्या मांडीवर डोकं ठेवून त्या वीराने कसा मातृभूमीचा जयजयकार करत प्राण सोडला. दुसऱ्या दिवशी पेपरात तेच आलं. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, पण ही म्हैस त्याने कधी बघितलीसुद्धा नव्हती.

मावशीने त्याला एकदाच विचारलं, "तू असं का सांगितलंस?"

"वहिनी, लोकांना काहीतरी चांगलं ऐकायला लागतं."

"आणि तो बुटाचं म्हणाला, ते वाईट होतं का?"

दीर पुढे त्या तळाच्या दर समारंभात पहिल्या रांगेत बसायचा. प्रत्यक्षदर्शी म्हणून.

तीन आठवड्यांनी चौकशी समितीने मावशीला बोलावलं. मी सोबत गेले. लांबट खोली, हिरवं कापड घातलेलं टेबल, टेबलामागे तीन अधिकारी. मधला अध्यक्ष. चष्मा, मऊ आवाज, मऊ हात. मावशीला खुर्ची दिली, पाणी दिलं. तिने जे झालं ते सांगितलं, एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. कारकुनाने ते लिहून घेतलं आणि सहीसाठी कागद पुढे सरकवला. मावशीने चष्मा काढला, लावला, कागद वाचला.

"जखमी तंत्रज्ञ वेदनेमुळे असंबद्ध बोलत होता," तिने मोठ्याने वाचलं. "असंबद्ध म्हणजे काय हो?"

"म्हणजे ज्याचा अर्थ लागत नाही असं," अध्यक्ष म्हणाले.

"मला लागला की."

"बाई, तुमच्या भावना आम्ही समजतो. पण तुम्हाला हेलिकॉप्टरमधलं काय कळतं?"

"काही कळत नाही," मावशी म्हणाली. "म्हणूनच नीट ऐका. मला कळत असतं तर तुम्ही म्हणाला असता, बाईने मनचं जोडलं. रेडिओचं मला कसं सुचेल? मी रोपं विकते."

डावीकडचा अधिकारी खिडकीबाहेर बघायला लागला. अध्यक्ष तेवढ्याच मऊ आवाजात म्हणाले, की वाक्य असंच राहील, सही करायची नसेल तर तशी नोंद होईल.

बाहेरच्या व्हरांड्यात मी तिला म्हणाले, "कर ना सही. गेलेली माणसं परत येणार आहेत का? तुझं काय जातंय?"

हे मी म्हणाले. इतरांना नावं ठेवताना हे सांगितलं नाही तर मी त्या दिराहून वेगळी नाही. मला उद्या शाळा होती, तळावरच्या अधिकाऱ्यांची मुलं माझ्या वर्गात होती, आणि मुख्य म्हणजे मला त्या खोलीतून लवकर सुटायचं होतं. परतीच्या बसमध्ये माझ्या शेजारी जागा असताना मावशी पुढच्या बाकावर जाऊन बसली.

घरी येऊन तिने वहीच्या कागदावर आपल्या हाताने दोन पानं लिहिली. काय पाहिलं नाही, काय ऐकलं, किती वाजता, कोणाकडून. एक प्रत टपालाने नोंदणी करून समितीला पाठवली, एक बियांच्या डब्यात ठेवली. उत्तर छापील आलं, तेच. नोंद घेण्यात आली आहे.

आठ महिन्यांनी अहवाल जाहीर झाला. पेपरात दोन रकाने. छोट्या हेलिकॉप्टरच्या वैमानिकाला वळण्याचा हुकूम दिला होता, त्याने तो पाळला नाही, सबब चूक वैमानिकाची. मेलेला माणूस खुलासा द्यायला येत नाही, ही मोठी सोय. ज्याने खेळ ठरवला, ज्याने 'साहेब गेल्यावर बघू' म्हटलं, त्यांचा कुठे उल्लेखही नव्हता. बडे साहेब तर पाहणीला आलेच नाहीत. त्यांचा कार्यक्रम आधीच दुसरीकडे ठरला होता, असं नंतर कळलं.

मग स्मारक झालं. तळाच्या दारासमोर काळा दगड, त्यावर सोनेरी अक्षरं. नावं आठ. माणसं नऊ मेली होती. ज्याच्यावर ठपका ठेवला त्याचं नाव घालायचं नाही, असं कुणीतरी ठरवलं होतं. दगडाभोवती लावायला त्यांनी मावशीकडेच गुलाब मागितले. निरोप घेऊन तोच चकचकीत बूटवाला आला, आता खांद्यावर एक पट्टी जास्त होती.

"किती खड्डे?" मावशीने विचारलं.

"आठ."

"नऊ खणलेत की सांगा," ती म्हणाली आणि आत गेली. त्यांनी गुलाब दुसरीकडून आणले. वर्षभरात ते वाळले, आणि ते वाळले याचा तिला झालेला आनंद तिने कुणापासून लपवला नाही.

अपघाताला दोन वर्षं होत आली असताना एके दिवशी दुपारी फाटकाबाहेर एक म्हातारा बराच वेळ उभा होता. मी तिथेच होते. मावशी ओरडली, "यायचं तर या, नाहीतर सावली तरी सोडा."

तो आत आला, पायवाटेच्या मधोमध चालत. वाफ्याला त्याचा पाय लागला नाही. हातात टोपी होती. "मी त्या छोट्या हेलिकॉप्टरवाल्याचा बाप," तो म्हणाला. "बस चालवायचो. आता निवृत्त आहे. इथे कुणीतरी म्हणालं की तुम्ही शेवटी एकाशी बोलला होता."

मावशीने हात पुसले. त्याला स्टूल दिलं. मग तिने सगळं सांगितलं, समितीला सांगितलं होतं तसंच.

"परत सांगता?" तो म्हणाला.

तिने परत सांगितलं. एरवी दुसऱ्यांदा काही विचारलं की ती अंगावर यायची.

म्हातारा टोपीची कड बोटांनी चाचपत बसला. "म्हणजे त्याने ऐकलं नाही, असं नाही."

"नाही. त्याला ऐकूच आलं नाही."

"घरी त्याची आई बोलत नाही कुणाशी. समोरचे विचारतात, दगडावर नाव का नाही. त्याच्या बायकोने गाव सोडलं. मीच म्हणायचो तो लहान असताना, हा पोरगा ऐकत नाही. अहवाल आला तेव्हा मला पहिलं तेच आठवलं. मी मानलं होतं, बाई. माझ्या पोराची चूक आहे, हे मी मानलं होतं."

मावशी उठली आणि बियांच्या डब्यातून ती दोन पानं घेऊन आली. "वकील बघा," ती म्हणाली. "बरा बघा. गावातला नको, गावातले सगळे तळावर जेवायला जातात."

खटला चार वर्षं चालला. मावशीला तीनदा कोर्टात उभं राहावं लागलं. तळाचा वकील तरुण होता, तयारी करून आला होता. त्याने तिच्या पाच तक्रारींच्या प्रती काढल्या. एवढी वर्षं ज्यांना धड उत्तर द्यायला कुणाला वेळ नव्हता, त्या प्रती आता नीट क्रमाने लावलेल्या होत्या.

"तुमचा या तळावर राग होता, खरं ना?"

"होता. आहे."

"मग तुम्ही त्यांच्याविरुद्ध बोलणार, हे उघडच नाही का?"

"रागावलेल्या माणसाला कमी ऐकू येतं का?" मावशीने विचारलं.

कोर्टात कुणीतरी हसलं. वकिलाने पुढचं पान उलटलं.

तंत्रज्ञाने ज्या वहीत दोनदा लिहून दिलं होतं, ती दुरुस्तीची वही कोर्टाने मागवली. तळाने लेखी कळवलं की छताच्या गळतीमुळे त्या महिन्याची पानं भिजून निकामी झाली. आधीचा महिना कोरडा, नंतरचाही कोरडा. "पाणीसुद्धा त्यांच्या हुकमात दिसतंय," मावशी बाहेर येऊन म्हणाली. शपथेवर हे लिहून देणारा अधिकारी तोच, समितीचा अध्यक्ष. मधल्या काळात त्याला बढती मिळाली होती. मावशीकडे बघून त्याने ओळखीचं हसू केलं. तिने त्याच्या हसण्याकडे असं बघितलं, जसं ती मुळं कुजलेल्या रोपाकडे बघायची. म्हणजे क्षणभर, आणि मग नाहीच.

शेवटी अहवालातलं एक वाक्य बदललं. एवढंच झालं. 'वैमानिकाची चूक' गेलं आणि त्या जागी आलं, 'अपघाताचे निश्चित कारण सांगता येत नाही. संदेशवहनातील दोषाची शक्यता नाकारता येत नाही.' कुणाला शिक्षा नाही, कुणाचं नाव नाही. हो म्हणायचं नाही आणि नाही म्हणायला तोंड नाही, अशा माणसांची ही भाषा. अपघातानंतर सहा वर्षांनी दगडावर नववं नाव आलं. वर जागा ठेवली नव्हती, म्हणून ते अगदी तळाशी, बारीक अक्षरात, दाटीवाटीने कोरलं. गवत वाढलं की ते झाकलं जायचं.

म्हातारा निकालाचा कागद घेऊन मावशीकडे आला. पिशवीत प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून त्याने तो आणला होता.

"एवढ्यावर तुमचं भागलं?" मावशी म्हणाली. "शक्यता नाकारता येत नाही म्हणे. तुमच्या पोराला मारलं त्यांनी, आणि हे तुम्ही पाकिटात घालून फिरताय."

"भागलं," तो म्हणाला.

"कसं भागलं? मला कळू द्या तरी."

"त्याची आई काल समोरच्यांकडे जाऊन आली," म्हातारा म्हणाला. "हा कागद घेऊन. दोन तास बसली. तुम्हाला कमी वाटेल, बाई. तुमचं खरंच आहे. पण मला तिला अंथरुणातून उठवायचं होतं, तळाला शिक्षा करायची नव्हती."

मावशीला ते पटलं नाही. ती त्याच्याशी तासभर भांडली. त्याने एकदाही आवाज चढवला नाही, आणि एकदाही माघार घेतली नाही. त्यानंतर तो दर महिन्याला यायला लागला. मावशी त्याला छाटणी शिकवायची आणि त्याच्या छाटणीला नावं ठेवायची. तो ऐकून घ्यायचा. इतक्या वर्षांत तिच्याकडे पुन्हा पुन्हा आलेल्या माणसांपैकी फक्त त्याच्याबद्दल मी तिला वाईट बोलताना ऐकलं नाही. तोंडावर बोलायची तेवढंच.

मावशी अडुसष्टाव्या वर्षी पोटाच्या आजाराने गेली. दुखणं तीन महिन्यांचं होतं. डॉक्टर खोटं बोलतात म्हणून तिने दोन डॉक्टर बदलले. तिसऱ्याने खरं सांगितलं, त्याला तिने ठेवून घेतलं.

ती गेली त्या दिवशी सकाळी नर्सरीत माणसं जमली होती, तेव्हा तळाची गाडी आली. गणवेशातल्या ड्रायव्हरने मोठं पुष्पचक्र उतरवलं. त्याला फीत होती, फितीवर छापलं होतं, 'शूर नागरिकास, कृतज्ञतापूर्वक'. दीर लगबगीने पुढे झाला. पण मावशीने नर्सरी माझ्या नावावर केली होती, मालकीण आता मी, म्हणून ड्रायव्हरने ते माझ्या हातात दिलं, आणि मी घेतलं. "आभारी आहे" असंही म्हणाले. सवय असते तोंडाला. चहा घेता का, असंसुद्धा विचारलं.

म्हातारा शेडच्या खांबाला टेकून उभा होता. तो आला, माझ्या हातातून ते चक्र अलगद काढून घेतलं आणि फाटकाबाहेर जाऊन गाडीच्या मागच्या सीटवर ठेवलं. ड्रायव्हर गोंधळला.

"तुमचा दोष नाही," म्हातारा त्याला म्हणाला. "मीही गाडीच चालवायचो. दिलेलं सामान पोचवायचं असतं. पण हे परत न्या, आणि विचारलं तर सांगा, घ्यायला कुणी नव्हतं."

मग त्याने गाडीला मागे वळायला हाताने वाट दाखवली, जरा उजवीकडे, अजून, बस. गाडी गेली. दीर म्हणाला, हे बरं दिसलं नाही. म्हातारा आत येऊन शेडमध्ये बसला. तिथे काल भिजवून ठेवलेल्या गुलाबाच्या काड्या होत्या, आणि त्या संध्याकाळपर्यंत टिकल्या नसत्या, म्हणून त्याने ब्लेड उचललं.